रोह्याचा निकाल

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. नवऱ्यासमोर नाही, माझ्या आईसमोर नाही. देवासमोर हात जोडले तरी मी दुसरंच काहीतरी पुटपुटत आले. आज तुम्हाला सांगते आहे. तुम्ही माझे कोण? कुणीच नाही. म्हणूनच कदाचित जमेल.

मी पेणला एका वकिलांकडे टायपिंग करते. दावे, अर्ज, प्रतिज्ञापत्रं — लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या वर्षापासून हेच काम. गल्लीत माझी ओळख ‘कोर्टातली’ अशीच आहे. कोर्टाशी माझा संबंध कागदापुरता, पण लोकांना कुठे फरक पडतो? कुणाचं काही अडलं की, “वहिनींना विचारा.” आणि मला ते आवडायचं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं घडलं ते या विश्वासावरच.

घरात सासूबाई, आम्ही दोघं, आमची दोन मुलं आणि माझी नणंद वैशू. हे डोलवीला कंपनीत, शिफ्टवर. वैशू ह्यांच्याहून बरीच लहान. ती गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायची. हात असा हलका की मोठ्या मूर्तींच्या डोळ्यांची आखणी मालक तिच्याशिवाय कुणाला देत नसे. मग सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला आणि वैशूने कारखाना सोडला. सोड म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. पण नको सोडू, असंही कुणी म्हणालं नाही. मीही नाही.

सासूबाईंना कूस बदलून देणं, न्हाऊ घालणं, भरवणं — सगळं वैशू. माझ्या मुलांचे डबे वैशू. प्राची तेव्हा सातवीत होती, तिच्या वेण्याही वैशूच घालायची. मी सकाळी पर्स उचलायची आणि निघायची. संध्याकाळी आले की चहा समोर. मी तिचं कौतुक करायची बरं का, चारचौघांत करायची. कौतुकाला काय लागतं?

ती बत्तीस वर्षांची झाली आणि नागोठण्याच्या एका नात्यातल्या बाईंनी स्थळ आणलं. मुलगा संतोष, रोह्याजवळच्या एका गावचा, नागोठण्याला कंपनीत कामाला. वय छत्तीस. एवढं वय होईपर्यंत का थांबला, असं आमच्या ह्यांनी विचारलंही. त्याच्या मोठ्या भावाने काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. मग रीतीप्रमाणे दोघांना मागच्या पडवीत बोलायला बसवलं.

पाहुणे गेल्यावर वैशू स्वयंपाकघरात आली. तिचा चेहरा मला अजून दिसतो. लाजलेला नव्हता, नुसता उजळलेला होता.

“वहिनी, त्यांच्यावर केस होती गो. मारामारीची. त्यांनीच सांगितलं, मी काय विचारलं नव्हतं. शिमग्याला गावात भांडण झालेलं, त्यात नाव आलं. सुटलेत म्हणाले. केस चालू होती म्हणून इतकी वर्षं कुणी मुलगी दिली नाय.”

“आणि तुला काय वाटतं?”

“मला खरं वाटतं,” ती म्हणाली. “पण तू बघून ये. तुला कळतं त्यातलं. तू वाचून सांगशील ते मी धरीन.”

तू वाचून सांगशील ते मी धरीन. तिचे शब्द जसेच्या तसे आहेत हे. मी त्यात काही घातलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात कोर्टाची साइट उघडली. जिल्हा रायगड, कोर्ट रोहा, पक्षकाराचं नाव. पहिल्यांदा काहीच आलं नाही. वर्ष बदलून बघितलं, नावाचं स्पेलिंग बदलून बघितलं, तेव्हा सापडलं. सरकार विरुद्ध कुणीतरी आणि इतर. त्या इतरांमध्ये संतोषचं नाव. खाली मारहाणीची कलमं आणि शेवटी — निकाली. त्यापुढे काही नाही. निकालपत्र साइटवर चढवलेलं नव्हतं.

ह्यात काही चोरून बघण्यासारखं नसतं, हे तुम्हाला माहीत असेलच. फौजदारी खटल्याचा निकाल मागता येतो. रीतसर अर्ज करायचा, कोर्ट फीचा स्टॅम्प लावायचा, कारण लिहायचं. आमच्या साहेबांच्या ओळखीचे एक वकील रोह्याला होते, त्यांच्यामार्फत मी नकलेचा अर्ज टाकला. कारण लिहिलं, ‘विवाहसंबंधाच्या चौकशीसाठी’. काही दिवसांनी तयार आहे म्हणून फोन आला आणि मी रजा टाकून एसटीने रोह्याला गेले.

नक्कल हातात आली तेव्हा मी कोर्टाच्या आवारात एका बाकावर बसूनच वाचली. निकाल मराठीत होता. शिमग्याला पालखी कुठल्या दारात आधी जायची यावरून गावात वाद झाला होता, आणि एका माणसाच्या डोक्यात काठी बसली होती. फिर्याद त्याच्या भावाने दिलेली. त्याने तिथे दिसले त्या सगळ्यांची नावं घातली होती. संतोषचं नावही त्यातच, कारण त्याच्या शर्टावर रक्त होतं.

आणि मग जखमी माणसाची साक्ष. त्याने कोर्टात उभं राहून सांगितलं होतं की ह्या आरोपीने मला मारलं नाही, उलट तोच मध्ये पडला, त्यानेच मला उचलून रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. शर्टावरचं रक्त माझं आहे, पण ते मला उचलताना लागलेलं. न्यायाधीशांनी ती साक्ष विश्वासार्ह धरली होती. बाकी तिघांना शिक्षा झाली. संतोष निर्दोष सुटला. संशयाचा फायदा वगैरे नाही — त्याने काही केलंच नाही म्हणून.

मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. खरंच वाटलं. स्टँडसमोर चहा घेतला आणि मनात आलं, वैशूने माणूस बरोबर ओळखला. असा माणूस शोधून सापडायचा नाही.

मग गाडीत बसले. भिसे खिंड उतरली, नागोठणं आलं. खिडकीतून कंपनीकडे जाणारा रस्ता दिसला आणि मी सहज विचार केला की लग्न झालं की वैशू इथेच कुठेतरी राहायला येईल. सहजच — आणि त्याच्या मागोमाग दुसरा विचार आला. मग सासूबाईंना कोण बघणार?

त्यापुढे तो विचार थांबेना. कूस कोण बदलणार? भरवणार कोण? मला नोकरी सोडावी लागेल. मुलांचं कोण करील? ह्यांची तर एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. बाई ठेवली तरी ती वैशूसारखं करील का? वडखळला नेहमीसारखा ट्रॅफिक तुंबला होता. गाडी जागची हलत नव्हती. समोर ट्रेलर, मागे ट्रेलर, धूळ, हॉर्न. मी मांडीवर ती नक्कल घेऊन बसले होते.

पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले की ठरवून मी काही केलं नाही, घरी गेल्यावर तोंडातून तसं निघून गेलं. पण मग पेणच्या स्टँडवर उतरल्यावर मी ती नक्कल का फाडली? कागद आपोआप फाटत नाहीत. मी पानं एकेक करून फाडली, तुकडे बारीक केले, आणि रसवाल्याच्या गाडीजवळ उसाच्या चोथ्याच्या डब्यात टाकले. वर आणखी चोथा येईपर्यंत उभी राहिले. उसाचा रसही प्यायले. ठरवल्याशिवाय कुणी एवढं करतं का?

घरी सगळे वाट बघत होते. मी म्हणाले, “केस खरी आहे. डोकं फोडलेलं माणसाचं. साक्षीदार फिरले म्हणून हा सुटला. असले लोक असेच सुटतात, मी रोज बघते.”

सगळं खोटं बोलले असते तर कदाचित पकडले गेले असते. केस खरी होती, फुटलेलं डोकं खरं होतं, सुटणंही खरं होतं. मी फक्त मधलं बदललं.

ह्यांनी लगेच “नाय, मग नको” म्हटलं. सासूबाईंना बोलता येत नव्हतं, त्या नुसत्या वैशूकडे बघत राहिल्या. वैशूने एकच विचारलं, “तू स्वतः वाचलंस ना वहिनी?”

“हो. स्वतः वाचलं.”

ती आत गेली आणि सासूबाईंची पेज गाळायला लागली.

इथेच संपलं असतं, पण तसं झालं नाही. आठवड्याभराने संतोष आमच्या ऑफिसात आला. साहेब कोर्टात होते, मी एकटीच. रातपाळी करून थेट आला असावा, डोळे लाल होते. उभ्यानेच बोलला. मी बस म्हटलं नाही.

“ताई, नकार आला, ठीक हाय. मला नकाराची सवय हाय. पण निरोप असा आला की तुम्ही निकाल वाचलात, आणि मी साक्षीदार फोडून सुटलो.”

मी स्क्रीनकडे बघत होते.

“तुम्ही खरंच वाचलात ना? मग तुम्हाला तर माहितीय.” त्याने पिशवीतून त्याची प्रत काढली. प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेली, कडा मऊ झालेली. किती लोकांना दाखवली असेल त्याने ती? “ही वैशालीला वाचायला द्या. वाचून त्या नाय म्हणाल्या तर मी परत येणार नाय.”

हात पुढे केला असता तर झालं असतं. टेबलाच्या पलीकडेच होता तो. मी म्हणाले, “ठेवा तुमच्याकडे. घरच्यांनी ठरवलंय. आता त्यात बदल व्हायचा नाही.”

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला कळलं होतं. मला खात्री आहे, त्याला तेव्हाच कळलं की मी सगळं वाचलंय आणि सगळं कळूनही बोलते आहे. तो ओरडला असता, तमाशा केला असता तर मला सोपं गेलं असतं. बघा, म्हटलं असतं, आहेच ना तसला! पण त्याने पाकीट परत पिशवीत घातलं, “बरं, येतो ताई,” म्हणाला, आणि पायऱ्या उतरून गेला.

सरळ वैशूकडे का गेला नाही? मी ह्याचा पुष्कळ विचार केला आहे. एवढी वर्षं दारोदार स्वतःचं निर्दोषपण दाखवत फिरलेला माणूस आणखी एका दारात का म्हणून उभा राहील?

सासूबाई त्यानंतर सहा-सात वर्षं होत्या. वैशूने त्यांना शेवटपर्यंत एक जखम होऊ दिली नाही. डॉक्टरांनीही नवल केलं. मध्ये दोनेक स्थळं आली, एक बिजवर, एक त्याहून वाईट. मग यायची थांबली. आता ती पुन्हा कारखान्यात जाते. पण एवढ्या खंडाने हात पहिल्यासारखा राहिला नाही. डोळे दुसरी एक मुलगी आखते, वैशू अंगाचा रंग देते.

संतोष मला एकदा नागोठण्याच्या स्टँडवर दिसला. बरोबर बायको आणि एक लहान मुलगी. मुलीला कडेवर घेऊन तो गाडीची पाटी वाचून दाखवत होता. त्याने मला ओळखलं आणि मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवतात तशी. मी दुसरीकडे बघितलं.

यंदा आमच्या प्राचीचं लग्न ठरलं. मुलाकडची माणसं अलिबागकडची आहेत. बैठकीच्या दिवशी बायका आतल्या खोलीत बसल्या होत्या. आजकाल माणसं कशी निघतील सांगता येत नाही, असं काहीतरी बोलणं चाललं होतं. वैशू सगळ्यांना पोहे देत होती. ती हसून मुलाच्या आईला म्हणाली, “आमच्या घरात नाय हो फसणार कुणी. आमची वहिनी हाय ना! माझ्या वेळी रोह्याच्या कोर्टात जाऊन निकाल वाचून आली ती. म्हणून मी वाचले. नायतर आज कुठं असते मी?”

मग तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मुलाची आई माझ्याकडे कौतुकाने बघत होती. प्राची म्हणाली, “आता तर काय, फोनवरच दिसतं सगळं.” आणि मी — मी काय म्हणाले असेन? “पोहे घ्या ना, गार होतायत,” म्हणाले.

त्या दिवशी पाहुणे गेल्यावर वैशू आणि मी दोघीच भांडी आवरत होतो. दार लोटलेलं होतं. ती काहीतरी गुणगुणत होती. ती वेळ होती, आणि ती मी जाऊ दिली. तशा वेळा ह्या सगळ्या वर्षांत रोजच आल्या. एकाच घरात राहतो आम्ही, एकाच ओट्यावर भाजी निवडतो.

सासूबाईंसाठी केलं असं मी म्हणणार नाही. मुलांसाठी केलं असंही नाही. मला संध्याकाळी घरी आल्यावर चहा समोर हवा होता. एवढंच होतं ते.

संतोषने त्या माणसाला उचलून दवाखान्यात नेलं होतं. मी ते रोह्याला बाकावर बसून दोनदा वाचलं. वैशूला अजून माहीत नाही.