फुंकणीला न येणारा वास

रुद्रप्पा रोज संध्याकाळी घरी आला की उंबऱ्यावरच थांबायचा आणि तोंड उघडायचा. नागम्मा आतून पदराला हात पुसत यायची, ‘बाय तगीरि’ म्हणायची, म्हणजे कानडीत ‘तोंड उघडा’, आणि नाक पुढे करून एकदाच खोल वास घ्यायची. वास नसला की चहा. अकरा वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. रुद्रप्पाने दारू सोडून अकरा वर्षं झाली होती, पण दुधाने तोंड पोळलेली बाई ताक फुंकूनच पिणार. शेजारणी हसायच्या. रुद्रप्पाला मात्र त्यात काही गैर वाटायचं नाही. उलट ती वास घेताना तो डोळे मिटून घ्यायचा, आणि नागम्माला ते लाजणं वाटायचं.

गंमत अशी की दिवसभर तोही हेच काम करायचा. सोलापुरात शाळांना बसगाड्या पुरवणाऱ्या वीरभद्रप्पांच्या डेपोच्या फाटकावर तो होता. चौदा गाड्या, चौदा ड्रायव्हर. सकाळी पावणेसहाला प्रत्येकाने रुद्रप्पाच्या हातातल्या मशीनमध्ये फुंकायचं. आकडा शून्य आला की गाडीला फाटक उघडायचं. ड्रायव्हर त्या मशीनला फुंकणी म्हणायचे, चुलीवरची असते तशी. सुपरवायझर चेतना मॅडम प्रत्येक शून्याचा फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकायच्या आणि पालक त्याखाली पसंतीचे अंगठे टाकायचे. सगळं कसं छान चाललं होतं.

वीरभद्रप्पांनी रुद्रप्पाला मुद्दाम नेमला होता. चोराच्या वाटा चोराला ठाऊक, हे त्यांनी त्याला तोंडावर सांगितलं होतं. रुद्रप्पाने चोवीस वर्षं ट्रक चालवला, त्यातली पंधरा पिऊन. वेलदोडा चावून आलेला, कच्चा कांदा खाऊन आलेला, ‘दात दुखतोय मामा, औषध लावलंय’ म्हणणारा, असे सगळे त्याला लांबूनच कळायचे. फुंकणी नंतर फक्त त्याच्या म्हणण्यावर शिक्का मारायची.

अनिलकुमारही असाच दोनदा सापडला होता. कुंभारीचा, चौतीस वर्षांचा, उंचापुरा, बोलायला गोड गडी. गेल्या श्रावणात आठ दिवस घरी बसवल्यावर तो सुधारला. आकडा रोज शून्य. वीरभद्रप्पांनी सगळ्यांसमोर त्याला शाल दिली. चेतना मॅडम नव्या ड्रायव्हरांना त्याचं उदाहरण द्यायला लागल्या. आणि इथेच रुद्रप्पाच्या मनात पाल चुकचुकली. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं की सहा महिन्यांत सरळ होतं, असं त्याने तरी कुठे पाहिलं नव्हतं. त्याचं स्वतःचं सरळ व्हायला काय घडावं लागलं, ते त्यालाच माहीत होतं.

आधी त्याने चिक्की पाहिली. भल्या पहाटे सहाच्या आत शेंगदाण्याच्या चिक्कीची तीन पाकिटं कोण खातं? मग डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली पाहिली. ‘धूळ जाती मामा,’ अनिलकुमार म्हणाला. धूळ सोलापुरात सगळ्यांच्याच डोळ्यांत जाते. बाकीचे तेरा डोळे चोळतात आणि कामाला लागतात. केबिनमध्ये बसवेश्वरांच्या फोटोपुढे आधी एक उदबत्ती असायची, आता चार. भक्ती वाढली म्हणावं, तर फोटोवरची धूळ तशीच.

‘काय बे अनिल, काल कुटलं गाव केलं सुट्टीला?’ रुद्रप्पाने एकदा सहज विचारलं.

अनिलकुमारने त्याच्याकडे पाहिलं, हसला, आणि बऱ्याच वेळाने म्हणाला, ‘कुटं न्हाय मामा. घरीच की.’

त्या प्रश्न आणि उत्तराच्या मधल्या जागेत रुद्रप्पा अडकला. ती जागा त्याच्या ओळखीची होती. तिथे तो स्वतः कैक वर्षं राहून आला होता.

कारण रुद्रप्पा नुसता दारूडा नव्हता. दारू सगळ्यांना दिसली. ती दिसतेच, रस्त्यात पाडते, बायकोवर हात उचलायला लावते, गल्ली गोळा करते. पण ट्रकवर असताना ढाब्यामागे चिलीमही फिरायची, आणि तिला तोंडाचा बोभाटा नव्हता. दारू प्यालेला रुद्रप्पा घरात ताटं फेकायचा. गांजा ओढलेला रुद्रप्पा डोळे लाल करून शांत बसायचा, दोन भाकऱ्या जास्त खायचा, पोरीशी गोड बोलायचा. नागम्मा अशा दिवशी देवाला नारळ फोडायची. आज प्याले नाहीत म्हणून! तो मुकाट्याने प्रसाद खायचा. दारूपेक्षा चिलीम बरी, असं त्यानेही स्वतःला पटवून दिलं होतं.

संशय घेऊन घेऊन माणूस दमतो, तसा तो दमलाही. आपल्यालाच सगळीकडे धूर दिसतोय का, असं त्याला वाटायचं. खाई त्याला खवखवे. पोरगं खरंच सुधारलं असेल, आणि आपण जळत असू. शिवाय बोलायचं झालं तर काय बोलायचं? ‘तुला कसं कळलं?’ असं कुणी विचारलं की मग?

आणि अनिलकुमारच्या गाडीवर मुलांना चढवायला-उतरवायला असणारी ताई कोण, तर नागम्माच. तिचा डावा हात कोपरात सरळ होत नसे, पण उजव्या हाताने ती तीस पोरं सांभाळायची. एके संध्याकाळी वास घेऊन झाल्यावर रुद्रप्पाने तिला आडून विचारलं.

‘अनिल कसा चालवतो गं?’

‘लई सावकाश,’ नागम्मा कौतुकाने म्हणाली. ‘हॉर्न न्हाय, शिवी न्हाय. परवा अक्कलकोट रस्त्याला सिग्नल हिरवा झाला तरी उबाच. पोरं वरडली तवा निगाला. तुमी तर नुस्ते उडवत न्यायचा. त्याच्याकडनं शिका जरा.’

रुद्रप्पाच्या हातातला चहा निवून गेला. भाकरी थापायला ती आत गेली. एका हाताने थापलेली तिची भाकरी अकरा वर्षं एका बाजूला जाड यायची, आणि तो ती जाड बाजू आधी खायचा.

सोमवारी सकाळी आभाळ निरभ्र होतं, थेंबाचं नाव नव्हतं. अनिलकुमारने गाडी सुरू करून रांगेत आणली, आणि काचेवरचे वायपर चालू होते. खरं म्हणजे चुकून बटण दाबलं जातं, त्यात काय! पण तो ते बंद करेना. स्टेअरिंगवर हात ठेवून तो त्यांचं इकडून तिकडे जाणं बघत बसला होता, पाळण्यातलं पोर वर टांगलेलं खेळणं बघतं तसा. रुद्रप्पा फाटकातून मोजत होता. चाळीस वेळा गेले-आले. मग अनिलकुमार दचकला, वायपर बंद केले, डोळ्यांत औषध घातलं आणि खाली उतरून शांतपणे मशीनमध्ये फुंकलं. शून्य. चेतना मॅडमनी फोटो काढला.

‘फाटक उघडा काका.’

‘गाडी जानार न्हाय,’ रुद्रप्पा म्हणाला.

‘का?’

रुद्रप्पाने आधी पळवाट शोधली. ‘मागचं टायर बसलंय.’ अनिलकुमारने लगेच हवा मोजून दाखवली. हवा बरोबर होती. बाकीचे ड्रायव्हर जमा झाले. मग रुद्रप्पाला सांगावंच लागलं, ‘मॅडम, हा शुद्धीत न्हाय. डोळं बगा त्याचं.’

‘काका, आता सव्वासहा झालेत. मला रिपोर्टमध्ये कारण लिहावं लागतं. मशीन शून्य दाखवतंय. तुमचा संशय मी कुठल्या रकान्यात लिहू?’ चेतना मॅडम चिडल्या होत्या, आणि त्यांचं चुकत नव्हतं. ‘तुम्हाला काही पुरावा आहे का?’

पुरावा त्याच्याजवळ होता. तो गाडीच्या पायरीवर उभा होता, निळी साडी नेसून, वाकडा हात पोटाशी धरून.

‘सोडा की ओ,’ नागम्मा पायरीवरून म्हणाली. सगळ्यांसमोर नवऱ्याची शोभा होतेय याचं तिला वाईट वाटत होतं. ‘पोरं ताटकळली असतील. शून्य म्हंजे शून्य. लोकांनी तुमच्यावर बी असाच आळ घेतला व्हता की. टेंभुर्णीला त्या दिवशी तुमचं बी शून्यच आलतं.’

मग ती मॅडमकडे वळून अभिमानाने सांगू लागली. ही गोष्ट ती येईल त्याला सांगायची. अकरा वर्षांमागे बहिणीच्या घरच्या लग्नाला ती नवऱ्याच्या ट्रकमधून निघाली होती. टेंभुर्णीच्या अलीकडे ट्रक उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला, तिच्या बाजूचं दार आत आलं आणि कोपर चेचलं. पोलिसांनी आधी दारूचाच संशय घेतला. सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं. थेंब निघाला नाही! ब्रेक फेल, असं लिहिलं गेलं. ‘आन प्यालेले नसताना बी, नुस्ता माजा हात बगून, यांनी त्या दिवसापास्नं दारू सोडली मॅडम. असा मानूस हाय ह्यो.’

हे ऐकताना रुद्रप्पा नेहमी खाली बघायचा. लोक त्याला विनय म्हणायचे. आज त्याने मान वर केली. गप्प बसला तर ती आत्ता या गाडीत बसणार होती, ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर, आणि पुढच्या थांब्यांवर तीस पोरं.

‘आलतं शून्य,’ तो म्हणाला. ‘दारू न्हवतीच. मी गांजा वडला व्हता.’

कुणीतरी हसायला सुरुवात करून थांबलं.

‘ब्रेक फेल न्हवता. ब्रेक दाबलाच न्हाय मी.’ आता तो फक्त नागम्माशी बोलत होता. ‘दारूत रस्ता हलतो. मानूस घाबरतो तरी, कुटंतरी गाडी बाजूला घेतो. ह्येच्यात रस्ता लांबतो. ट्रॉली मला दिसत व्हती. लक्क दिसत व्हती, मागचं लाल फडकं बी दिसत व्हतं. वाटलं, लई लांब हाय अजून. ब्रेकवर पाय ठेवायला आख्खा दिवस पडलाय. मला कसली भीती वाटली न्हाय. त्याला बी आत्ता वाटत न्हाय, बग त्याच्याकडं.’

सगळ्यांनी अनिलकुमारकडे पाहिलं. तो हसत होता. मग, बऱ्याच वेळाने, त्याच्या ध्यानात आलं की हसायचं काही नाही.

‘मालकांना फोन करते,’ चेतना मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज उतरला होता. ‘अनिलकुमार, तुमची लघवी तपासायला लागेल.’

‘कशाला मॅडम,’ अनिलकुमार म्हणाला. भांडायचा त्याच्यात जोरच नव्हता. ‘दारूपेक्षा बरं म्हनून धरलं की. वास न्हाय, भांडान न्हाय. बायको खूश हाय माजी. मामा, तुमीच सांगा, बरं न्हाय का?’

रुद्रप्पाने पायरीकडे पाहिलं. त्याची बायकोही खूश होती, पाच मिनिटांपूर्वीपर्यंत.

दुसरा ड्रायव्हर आला, गाडी पंचवीस मिनिटं उशिरा सुटली. नागम्मा आपल्या जागेवर जाऊन बसली. फाटकातून गाडी बाहेर पडताना रोज ती खिडकीतून मान हलवायची. त्या दिवशी ती समोर बघत राहिली. ग्रुपवर पालकांना ‘तांत्रिक कारण’ असं कळवण्यात आलं, आणि त्यावरही दोन-चार अंगठे आले. बाकीच्या ड्रायव्हरांनी दिवसभर रुद्रप्पाशी कामापुरतं बोलणं ठेवलं. आता हा कुणाकुणाला धरतो, असा प्रत्येकाच्या नजरेत हिशेब होता. तो मशीन पुसत बसला, आणि आडोसा मिळाला की रडत होता. साठीला आलेला माणूस, पण खोटं कौतुक अकरा वर्षं पचवलेलं, ते एकदम बाहेर पडत होतं.

संध्याकाळी तो उंबऱ्यावर येऊन थांबला आणि सवयीने त्याने तोंड उघडलं. आत भाकरीचा एका हाताचा आवाज चालू होता. तो आवाज थांबला नाही. रुद्रप्पा तसाच उभा राहिला, तोंड उघडं टाकून, आणि समोरून जाणाऱ्या दोन बायकांनी ते पाहिलं.

बऱ्याच वेळाने नागम्मा बाहेर आली. तिने वास घेतला नाही.

‘अकरा वर्सं,’ ती म्हणाली, ‘मी भलतीकडंच हुडकत व्हते की.’

पीठ लागलेल्या उजव्या हाताने तिने त्याची हनुवटी धरली, तोंड मिटवलं आणि चेहरा दाराच्या दिव्याकडे फिरवला. रुद्रप्पाने नेहमीसारखे डोळे मिटले होते.

‘कण्ण तगीरि,’ ती म्हणाली. डोळे उघडा.

त्याने उघडले. ते लालभडक झाले होते. कशाने, ते तो सांगू शकला असता, पण ती आता ते कशाच्या भरवशावर खरं मानणार होती?