आतून कडी, कानाला हेडफोन

काही आठवड्यांपूर्वी एका रविवारी दुपारी माझ्या घराचं दार तोडायची वेळ आली होती... आणि मी आत बसून गिटार वाजवत होतो.

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो, एका कॉलेजात लॅब असिस्टंट आहे. तरुणपणी ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचो. ऑर्केस्ट्रा कधीच बंद पडला, पण गिटार आणि तिचा आवाज मोठा करणारा एक छोटा ॲम्प घरात राहिला. रविवारी मी वाजवत बसलो की माझी बायको सुनंदा स्वयंपाकघरातून ओरडायची, "तेच तेच काय, दुसरं वाजवा की!"

सुनंदाला जाऊन आता आठ महिने झाले.

ती गेल्यावर ॲम्प माळ्यावर टाकला. विचारणाऱ्यांना सांगायचो, शेजारचे नरसय्याअण्णा कापडाच्या लूमवर रात्रपाळी करतात, दिवसा झोपतात, त्यांना त्रास नको. खरं कारण वेगळंच होतं... बायको जाऊन वर्ष झालं नाही आणि ह्याच्या घरात गिटार वाजतेय, असं कुणी म्हणू नये.

पण बोटं ऐकेनात. मुलगी मुक्ता बेंगळुरूला असते. मागच्या वेळी आली तेव्हा एक छोटा डबा घेऊन आली... ऑडिओ इंटरफेस. गिटारची वायर त्या डब्यात, डब्याची वायर लॅपटॉपला. ॲम्पचा आवाज लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअरच तयार करतं, आणि तो ऐकू येतो फक्त हेडफोनमध्ये.

म्हणजे कानात अख्खं स्टेज, आणि खोलीत नुसती तारांची बारीक टिंगटिंग. भिंतीपलीकडे तेवढीही जात नाही. मला हवं होतं ते हेच.

पूर्वी ॲम्पसमोर मोबाईल ठेवून रेकॉर्ड करायचो. त्यात कुकरच्या शिट्ट्या यायच्या, सुनंदाचं "चहा गार होतोय" यायचं, आणि मी चिडायचो. आता वायरीतून थेट रेकॉर्ड होतं, तारांशिवाय दुसरं काहीच येत नाही. पहिलं रेकॉर्डिंग ऐकलं आणि ते इतकं स्वच्छ होतं की मला बसवेना. लॅपटॉप बंद करून गच्चीवर जाऊन उभा राहिलो.

तरीही दर रविवारी बसायचो. दुसरं करण्यासारखं काय होतं...

तर त्या रविवारी जेवायचा कंटाळा आला होता, म्हणून तसाच वाजवायला बसलो. आतून कडी लावली. मोबाईल गिटारजवळ असला की रेकॉर्डिंगमध्ये गुरगुर येते, म्हणून तो बंद करून स्वयंपाकघरात ठेवला. एक सावकाश धून जमत आली होती. तीन-चार वेळा वाजवली, मग रेकॉर्डिंग लावून डोळे मिटून, मान खाली घालून ऐकत बसलो.

किती वेळ गेला माहीत नाही. डोळे उघडले तर लॅपटॉपवर सावली पडलेली. मागं वळून बघतो तर खिडकीच्या गजांमागं नरसय्याअण्णांचा चेहरा... घामानं डबडबलेला. तोंड हलत होतं, पण मला काहीच ऐकू येत नव्हतं.

हेडफोन काढला आणि एकदम सगळे आवाज आत आले. दारावर धडाधडा थापा, कुणीतरी रडतंय, गल्लीतल्या दोघा-तिघांचा गलका.

कडी काढली. अण्णांची बायको पद्माक्का पायरीवर बसून रडत होती. बाजूला अंबाडीची भाजी आणि भाकरी झाकून आणलेली. दार वाजवलं, हाका मारल्या, फोन लावला तर बंद. मग अण्णांनी खिडकीतून बघितलं, तर मी पाठमोरा, मान टाकलेली, हलत नाही. कुणीतरी पहारसुद्धा आणली होती.

"केव्हाधरनं हाका मारलालो की सर!" अण्णा माझ्यावर खेकसले. "जीव घेताव का आमचा?"

पद्माक्कानं तिचा फोन माझ्या हातात दिला. पलीकडे मुक्ता होती. मी "हॅलो" म्हटलं आणि ती हुंदके देत राहिली. मी नुसतं "आहे गं, आहे... वाजवत होतो" एवढंच म्हणत होतो.

गर्दी पांगली. अण्णा आत आले, वायरी बघितल्या, हेडफोन उचलून बघितला. "हे कशाला कानात?"

मी म्हटलं, "तुमची झोप मोडायला नको..."

"माझी झोप?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "अवो, लूमच्या खटखटीत जन्म गेला. मला आवाजाचा कसला तरास?"

मग मला खोटं बोलवेना. लोक काय म्हणतील याची भीती होती, ते सांगून टाकलं.

मग पद्माक्का पदरानं डोळे पुसत म्हणाली, "ताई गेल्या आन् तुमी वाजवायचं सोडलं, असं वाटलं आमाला. आवाजच न्हाय घरातनं. मी भिंतीला कान लावून बसते कधी कधी... आत हाव का न्हाय बघायला."

मला वाटत होतं, भिंतीपलीकडचे लोक आपल्याला ऐकतील आणि नावं ठेवतील. ते आठ महिने ऐकायचा प्रयत्न करत होते... आणि मीच काही ऐकू जाऊ देत नव्हतो.

लॅपटॉपच्या स्पीकरवर धून लावली. आवाज फाटका येत होता. दोघांनी शेवटपर्यंत ऐकली. "बरं हाय की," अण्णा म्हणाले. पद्माक्का म्हणाली, "आधी जेवा."

ते समोर बसून राहिले आणि मी जेवलो. घरात माझ्यासमोर कुणी बसलंय आणि मी जेवतोय, असं कितीतरी दिवसांनी झालं.

रेकॉर्डिंग अजूनही करतो, तसंच, वायरीतून. फक्त आता हेडफोन लावताना एक कान मोकळा ठेवतो.