उसन्या कबुतरांचा शौक

मला कसलाही शौक नव्हता, आणि त्यावाचून माझं काहीही अडत नव्हतं.

पण सातासमुद्रापलीकडे कुठेशी लढाई लागली, आमच्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि जो तो शौकीन झाला! अकोटात कुणी तितर झुंजवू लागला, कुणी सतार घेऊन बसला (वाजत नव्हती, पण दिसत होती!). ज्याला शौक नाही तो एक तर कंजूष, नाही तर आजारी!

मुलीच्या सोयरिकीसाठी मी अमरावतीला गेलो. मुलाच्या वडिलांनी विडा पुढे केला.

"तुमाले कायचा शौक हाय?"

मी गडबडलो. तेवढ्यात खिडकीत कबूतर घुमलं.

"कबुतरायचा!"

"वा! पोरगी पाह्याले येतो तवा कबुतरं बी पाहू!"

घरी बायकोने कपाळावर हात मारला. "अवो, कोंबडी अंगावर आली तरी तुमी पयता!"

(खरं होतं.)

शेजारच्या करीमचाचांनी आपली कबुतरं उसनी दिली. "मगर उडाना मत, मियां. कबूतर मालक नहीं, घर पहचानता है."

व्याही आले. मुलगी पसंत पडली. मग म्हणाले, "उडवा!"

"आज त्यायची तब्येत..."

"उडवा हो, इवाई!"

उडवली. काय झोकात उडाली! एक गिरकी घेतली आणि उतरली ती थेट करीमचाचांच्या छपरावर!

"आव! आव!" मी ओरडलो. बायकोने घाईघाईने माझ्या पायाशी ज्वारी फेकली. कबुतरं ढिम्म, आमच्या कोंबड्या मात्र झाडून धावल्या! मी जीव घेऊन शिडीवर चढलो.

"शाबास! याले म्हनते शौक!" व्याही खालून गरजले.

मला चेव आला. आमच्या छपरावर उभा राहून मी उपरणं गरगरा फिरवलं, पाय सटकला आणि अंगणातल्या कापसाच्या ढिगात डोक्यावर पडलो. बाहेर फक्त पाय!

भिंतीपलीकडून करीमचाचा ओरडले, "मियां, मेरे कबूतर तो घर आ गए! तुम ठीक हो?"

संपलं! व्याह्यांनी मला पाय धरून ओढून काढलं. एकदा करीमचाचांच्या छपराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मला वाटलं, मोडली सोयरीक! मग ते पोट धरून हसत खाली बसले. "सोयऱ्यासाठी छपरावर चढनारा इवाई मले दुसरा कुठं भेटन?"

लग्न थाटात झालं. पाठवणीला सगळ्यांच्या मुली रडतात. माझी नमस्काराला वाकली, माझे पाय पाहिले आणि जी हसत सुटली, ती पार अमरावतीपर्यंत!