बोटभर लहान डोकं

हिमायतनगरात पैनगंगेची वाळू सध्या कोणाची, हे पोलिसांच्या आधी हरिओमला कळायचं. तो टोळीतला नव्हता, तो फ्लेक्स बनवायचा. वाढदिवसाच्या फ्लेक्सवरून ज्याचा फोटो गळाला त्याच्याशी बिनसलं, आणि ज्याचं डोकं मोठं झालं त्याचे टिप्पर वाढले, असा हिशेब. शेजारी माझं झेरॉक्सचं दुकान, त्यामुळे हे राजकारण मी फुकटात शिकलो.

शेषेराव आमच्याकडचे वाळूवाले. बापाच्या वाढदिवसासाठी फोटो निवडायला त्यांची ऋतुजा हरिओमच्या दुकानात आली आणि तीन महिने निवडतच राहिली. एका फोटोला तीन महिने! ती आणि हरिओम एकमेकांवर पार जीव टाकून होते. कॉम्प्युटरसमोर बसून तिच्या बापाच्या मिशा काळ्या करायचे.

मग काय झालं, इस्लापूरचे केरबा आणि शेषेराव, दोन वर्षं एकमेकांचे टिप्पर पकडून देणारे, अचानक भाऊ-भाऊ झाले. दोस्ती पक्की करायला ऋतुजा केरबांच्या सोमेशला द्यायची ठरली. साखरपुड्याच्या फ्लेक्सची ऑर्डर अर्थातच हरिओमकडे.

आमच्या बहाद्दराने काय करावं? केरबांचं डोकं शेषेरावांच्या डोक्यापेक्षा बोटभर लहान केलं. बस्स. फ्लेक्स चौकात लागला, केरबा जीपमधून उतरले, वर पाहिलं आणि आल्या पावली परत गेले. साखरपुडा मोडला.

"जमलं का न्हाई?" म्हणत हरिओमने माझ्या तोंडात पेढा कोंबला.

दुसऱ्या दिवशी ऋतुजा आली. मला वाटलं, खूश असेल.

"लोकांचे फोटो लहान-मोठे करून राहिलास," ती म्हणाली, "तुझा कव्हा लावणार? आज घरी चल. पप्पासमोर मी बोलते, तू निस्ता माझ्या बाजूला उभा राहा."

हरिओम माऊस पुसत राहिला. "जरा थांबू की. वातावरण लई गरम हाय."

ती निघून गेली. मला तर त्याच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला.

पंधरा दिवसांत नवे तहसीलदार आले. दोन्हीकडचे टिप्पर एकाच आवारात जप्त होऊन उभे राहिले, तेव्हा दोघांनाही दुश्मनी परवडेना. पुन्हा गळ्यात गळे. या खेपेला शेषेराव स्वतः दुकानात आले, खिशात टेप घेऊन. स्क्रीनवरची दोन्ही डोकी त्यांनी मोजली.

"मागल्या टायमाला मशीन बिघडली व्हती म्हणे?"

"हाव, मशीनच," हरिओम म्हणाला.

लग्नाचा फ्लेक्स वीस फुटी लागला. सोमेशच्या शेजारी ऋतुजा काय मोकळी हसत होती! तो फोटो हरिओमनेच काढलेला, याच दुकानात. आणि फ्लेक्सवर हरिओमही होता. खाली उजव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात, मोबाइल नंबरसकट.