अर्ध्या राण्यांची गड्डी

मंचावर कोणती गड्डी न्यायची, यावरून आम्हा दोघांचे प्रत्येक कार्यक्रमाआधी वाजायचे. नागपुरात आम्ही जोडीने जादूचे प्रयोग करायचो. लग्नाचे स्वागत समारंभ, शाळांची संमेलने, व्यापाऱ्यांचे मेळावे. माझी भिस्त आधीच करामत करून ठेवलेल्या गड्ड्यांवर. एकीची पाने एका टोकाला किंचित निमुळती कापलेली. ती समोर बसलेल्या चार माणसांपुरती चांगली. दुसरीच्या पाठीवर खुणा, पण मंचावरच्या दिव्यांत त्या माझ्या डोळ्यांना दिसत नसत. मोठ्या सभागृहासाठी मी तिसरी घ्यायचो. तिच्यात एकाआड एक पान बदामाची राणी, आणि सगळ्या राण्या केसभर आखूड. अंगठ्याने पाने फरफर सोडली की पाहणाऱ्याला वेगवेगळे पत्ते दिसतात, आणि तो कुठेही थांबा म्हणाला तरी हाती राणीच येते. फक्त ती गड्डी कुणाच्या हातात द्यायची नाही.

माझा जोडीदार सावनेरचा. तो दुकानातून आणलेली साधी गड्डी वापरायचा. खेळाआधी मंचावरून उतरून कुणालाही पत्ते पिसायला द्यायचा. पुढची करामत बोटांची.

"तुह्यावाली गड्डीच जादूगार हाय," तो म्हणायचा. "तू तं फक्त तिले धरून उभा राहतं."

"अन् तुह्या हाताले काही झालं तं?"

"मंग तुह्यावाली घेईन ना बे."

पुढे साखरेच्या आजाराने त्याची बोटे बधिर होत गेली. त्याने मला ते सांगितले नाही. एका शाळेत त्याच्या हातून पत्ते सांडले, पोरे हसली, तेव्हा मी समजलो. त्यानंतर इतवारीतल्या कापड व्यापाऱ्यांच्या मेळाव्यात आमचा खेळ होता. तो आत चहा पीत असताना मी त्याच्या डबीतली गड्डी काढून राण्यांची ठेवली. पाठीवरचे चित्र सारखेच होते. आधी सांगितले असते तर त्याने ती माझ्या अंगावर फेकली असती. मला वाटले, हातात घेताच त्याला कळेल. आखूड पाने बोटांखाली लपत नाहीत, आमच्यातल्या नवख्यालाही कळतात. तो माझ्याकडे रागाने बघेल, पिसायला देणे टाळेल आणि वेळ निभावून नेईल.

त्याने गड्डी काढली, हातात सारखी केली, आणि पायऱ्या उतरून पहिल्या रांगेतल्या एका शेठजींना दिली.

मी माइकपाशी होतो. त्याला परत बोलावता आले असते. शेठजी पिसता पिसता थांबले आणि पत्ते उलटे करून पाहू लागले.

"अरे, ये क्या? इथं तं राण्याच राण्या हाय."

"महाराज जनानखाना घेऊन फिरून राहिले," शेजारचा म्हणाला.

सगळे सभागृह हसले. माझा जोडीदार वळून माझ्याकडे पाहत राहिला. मी रुमालांचा खेळ सुरू केला.

शहरातले जादूगार म्हणू लागले, याची जन्मभराची हातचलाखी म्हणजे कापलेले पत्तेच होते तर. मी एकदाही खोडून काढले नाही. त्याला बोलावणी येणे थांबले. मला येत राहिली.

सांगायला गेलो तो फार उशिरा, नंदनवन वस्तीत, त्याच्या मुलाच्या घरी. तोवर त्याच्या एका पायाचा अंगठा काढून टाकलेला होता.

"ये गा. काहून आला?"

मी सगळे सांगून टाकले. तो पायांवरची चादर सारखी करत बसला.

"मले वाटत होतं, त्या शेठनं बदलली," तो म्हणाला. "कोणी तरी त्याले तशी गड्डी आणून दिली असंन. माह्यावाली त्यानं खिशात टाकली असंन."

"नाही. राण्यांची डबीतच होती."

"डबीतून तं मी काढली. हातात धरली."

"हो."

"मंग मले कसं नाही समजलं?"

मी म्हणालो, सगळ्यांना सांगतो, गड्डी मी बदलली होती, तुझा काही दोष नव्हता.

"सांगू नको. आता लबाड म्हणतेत, म्हणू दे. तू सांगशील तं म्हणतीन, याच्या हाताले गड्डी समजली नाही."

सून चहा घेऊन आली. त्याने कप दोन्ही हातांत धरला आणि चहा गरम आहे का, ते तिला विचारले.

तो असेपर्यंत मी गप्प राहिलो. तो गेल्यावर, हे लिहू का म्हणून त्याच्या मुलाला विचारले. "लिहा काका, पण बाबांचं नाव नका टाकू. लोकं विसरले आता." म्हणून नाव टाकलेले नाही. लोक मात्र विसरलेले नाहीत. परवा एका लग्नात एका तरुण जादूगाराने मला, मी कोण हे ठाऊक नसताना, राण्यांचा तो किस्सा हसत हसत ऐकवला. त्याने तो नावासकट सांगितला.