सील न उघडलेल्या दोन बाटल्या

मैत्रिणींनो, आज भर पावसात गणेशपुरीहून टेमघरला येताना मी आणि सासूबाई साडेतीन तास ट्रॅफिकमध्ये अडकलो. रस्त्यावर पाणी आणि चहूकडे कंटेनर. गाडी जागची हलेना.

पावसाळा म्हणून नवऱ्याने गाडीत सगळी तयारी करून ठेवलीय. टॉर्च, दोरी, बिस्किटं, पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या.

सासूबाईंना शुगर आहे. त्यांचे ओठ सुकलेले बघून मी बाटली पुढे केली. म्हणाल्या, "न्हाय गं, नको. पानी पिऊन जायचं कुठं?"

मी छत्री घेऊन उतरले आणि शेजारच्या गोडाऊनच्या गेटवर बाथरूमचं विचारलं. वॉचमन भला माणूस होता, त्यालाच ओशाळल्यासारखं झालं. "मॅडम, यहाँ लेडीज का कुछ नहीं है."

परत येऊन बसले. मग मीही पाणी प्यायले नाही.

शेवटचा तासभर सासूबाई डोळे मिटून, मूठ आवळून बसल्या होत्या. हाक मारली की नुसतं "हां" म्हणायच्या.

उंबऱ्याबाहेर चप्पल काढायला सगळ्यांना ओरडणाऱ्या सासूबाई आज घरी पोचताच चपलांसकट थेट बाथरूममध्ये गेल्या.

नवरा गाडीतलं सामान काढताना म्हणाला, "हे काय, पाणी प्यायलाच नाहीत? म्हणून तर ठेवलं होतं ना!"

तुम्हीही घरातून निघताना पाणी टाळता ना? घरातल्या पुरुषांना कधी सांगितलंय का?

आमच्याकडे दोघींपैकी कुणीच सांगितलं नाही. नवरा माझ्या पोस्ट वाचतो, म्हणून इथे लिहिलं.