गाडीची वाट

माझ्या मुलीला बोलता येत नाही, समजतं सगळं. कोळवणातल्या आमच्या सरकारी शाळेत दर मंगळवारी एक विशेष शिक्षिका यायच्या. बाकीचे दिवस त्या दुसऱ्या गावांत. तहान, भूक, दुखतंय, हे चित्रावर बोट ठेवून सांगायला त्यांनी तिला शिकवलं. भूगावच्या बिल्डरांना जमिनीच्या सौद्यात घाम फोडणारा मी, त्या बाईंपुढे खाली मान घालून उभा राहायचो.

मग शिक्षण खात्यातल्या एका साहेबांनी बाईंना कचेरीत संगणकावर माहिती भरायला बसवलं. मी जाब विचारायला गेलो.

"अहो, एका पोरीसाठी अख्खी बाई कुठून देऊ?" साहेब वरसुद्धा न बघता म्हणाले. "शिकून तिला काय कलेक्टर व्हायचंय?"

मी टेबलावर हात आपटला. शिपायानं दंडाला धरून बाहेर काढलं. इकडे मुलगी चित्रं विसरत गेली. दुखलं की पुन्हा भिंतीवर डोकं आपटू लागली.

पुढे याच साहेबांनी फार्महाउससाठी माझ्या रानामागची जागा घेतली. डोंगर पाहिला, ओढा पाहिला. जायची वाट कुणाच्या रानातून, हे विचारलं नाही. बाहेरची माणसं हमखास इथंच फसतात. मी ब्र काढला नाही. खरेदीखत होऊ दिलं आणि मग बांधाला तार ओढली.

साहेब आले. "दादा, गाडी तेवढी जाऊ द्या."

"एका गाडीसाठी अख्खी वाट कुटनं देऊ, सायेब?"

त्यांनी मला ओळखलं. तोंड उतरलं. "मी तहसीलदारांकडे जाईन."

"जावा की. वाट मिळंल बी. पर वर्सं जात्यात त्यात, तवर चालायला तुमचं गुडघं ऱ्हायलं म्हंजे झालं. न्हाईतर माझ्या पोरीची बाई धाडा."

पुढच्या मंगळवारी बाई शाळेत हजर. मी तार सोडली, एक माणूस जाईल एवढीच.

"आणि गाडी?"

"बाई आठवड्यातनं एकदाच येत्यात. त्येवढ्यात पायवाटच बसती. रोज आल्या की गाडी."

"अहो, भरतीच नाही! माझ्या हातात काय आहे?"

"मग वरच्या सायबाकडं जावा. मी बी तुमच्याकडं आलो हुतो."

हल्ली रविवारी साहेब दोन्ही हातांत पाण्याचे कॅन घेऊन बांधावरून घसरत जातात. मी मुद्दाम पडवीत बसून बघतो. शेजारी म्हणतात, आता सोड. बुधवारी शाळेत बाई दिसू दे, मग बघू.